जुन्या खुंटावर नवा डोळा

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घरात येत असे, त्या काळाची पहिली आठवण डोळ्यांची नसते, कानांची असते. आधी नंबर फिरल्याची टकटक, मग एक लांब शिट्टी, तिला पलीकडून दुसऱ्या शिट्टीचे उत्तर, नंतर घरघर, खरखर आणि एकाएकी शांतता. ही शांतता म्हणजे जोडणी झाल्याची खूण. आज विशीत असलेल्या मुलांना हा आवाज ऐकवला, तर यंत्र बिघडले असेच त्यांना वाटेल. ज्यांनी तो रात्री-अपरात्री ऐकला आहे, त्यांना मात्र त्याच्या सुरावरूनच कळे की आजचे काम होणार की फुकट जाणार.

त्या आवाजात चाले ती खरे तर घासाघीस. आमच्याकडे गुरांच्या बाजारात दोन व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत असत. बाहेरच्याला काही कळत नसे, पण रुमाल बाजूला झाला की सौदा पक्का. मोडेमही तेच करी. आपल्या घरातला मोडेम विचारी, "अमुक वेगाने बोलू का?" पलीकडचा म्हणे, "तारेत खरखर फार आहे, थोडे उतर." असे उतरत उतरत दोघांना झेपेल त्या वेगावर सौदा तुटे. खोक्यावर छापलेला आकडा हा सांगितलेला भाव. पडद्याच्या कोपऱ्यात दिसे तो मिळालेला भाव. या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल आज लिहायचे आहे, कारण ते अंतर केवळ एका जुनाट यंत्रापुरते नव्हते.

मोडेमचे काम सांगायला सोपे आहे. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. टेलिफोनच्या तारेला माणसाचा आवाज तेवढा कळतो, तोही साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ या पट्ट्यातला. शून्य-एकचे सूर करून तारेत सोडायचे आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे दुभाष्याचे काम मोडेमकडे. सुरुवातीचे मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवत. मग १२००, २४००, ९६०० अशा पायऱ्या आल्या. १९९१ मध्ये १४,४००, १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९६ मध्ये ३३,६०० पर्यंत मजल गेली. शंभर किलोबाइटचे एखादे छायाचित्र ३०० च्या वेगाने यायला पाऊण तास लागला असता. ९६०० ला ते काम जवळजवळ दीड मिनिटाचे झाले आणि ३३,६०० ला चोवीस सेकंदांचे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपच्या साध्या ग्राहकाला मिळणारा वेग ९६०० च होता. ही सोयही मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा महानगरांची. आमचे शेंदूरजनाघाट अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. संत्र्याच्या कलमांसाठी लांबलांबचे शेतकरी येथे येतात. पण इंटरनेट लावायचे, तर आधी एसटीडी लावून शहर गाठायला हवे. एसटीडीचा दर रात्री अकरानंतर पाव होत असे. त्यामुळे ज्या मोजक्या घरांत संगणक होता, तेथे इंटरनेट हा मध्यरात्रीचा कार्यक्रम असे.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. शाखाशाखांत संगणक येऊ लागले होते, पण शाखेतून मुख्य कचेरीत माहिती जायची ती फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी जायची ती शिपायाच्या पिशवीतून, एसटीने. एकदा सहज हिशेब मांडला होता. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतात, म्हणजे जवळजवळ एक कोटी अठरा लाख बिट. अमरावतीपर्यंत एसटीला तीन तास धरले, तर लाल गाडीचा वेग पडतो सेकंदाला सुमारे १०९० बिट. म्हणजे ती ३०० च्या मोडेमपेक्षा पुष्कळच जलद आणि २४०० च्या मोडेमच्या निम्म्याहून कमी. मात्र शिपायाच्या पिशवीत एकाऐवजी दहा फ्लॉप्या टाकल्या, की एसटी ९६०० च्या मोडेमलाही मागे टाकी! वेग म्हणजे काय, याचा पहिला धडा मला या हिशेबाने दिला. वाहन किती पळते, यापेक्षा वाटेवर किती माल न सांडता पोचतो, हे महत्त्वाचे.

माझ्या घरच्या मोडेमचा सर्वांत मोठा लाभार्थी मात्र मी नव्हतो. शेजारी कलमांची नर्सरी असलेले एक काकाजी होते. त्यांची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेलेली. आंतरराष्ट्रीय फोनचे दर तेव्हा असे होते की हालहवाल विचारेपर्यंतच माणसाच्या जिवाची घालमेल होई. पत्राला पंधरा दिवस. म्हणून मुलीचे पत्र माझ्या ई-मेलच्या पत्त्यावर येई आणि काकाजी रात्री अकरानंतर सतरंजीवर येऊन बसत. पहिल्या रात्री मोडेमचा आवाज ऐकून ते दचकले होते. "काहून जी, हे यंत्र इतकं काहून कोकलून रायलं?" पुढे त्यांना तो आवाज इतका ओळखीचा झाला की शेवटची खरखर लांबली की ते चष्मा काढून खिशात ठेवत. आज पत्र नाही, हे त्यांना माझ्याआधी कळे.

मुलीला पहिला मुलगा झाला तेव्हा तिने फोटो पाठवला. तो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागला. आधी टोपडे, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. नाकापर्यंत आला आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा कपाळापासून सुरुवात. तिसऱ्या वेळी हनुवटी दिसली. तेव्हा वेग वाढवायची गरज या घराला खरोखर होती, ती हौस नव्हती.

नेमक्या त्याच सुमारास ५६,००० च्या मोडेमचा गवगवा होता. १९९७ मध्ये ही जात बाजारात आली ती दोन भाषा घेऊन. यूएस रोबोटिक्स या कंपनीची एक्स-टू, आणि रॉकवेल व ल्यूसंट यांची के-५६ फ्लेक्स. एकीचा मोडेम दुसरीशी त्या वेगाने बोलू शकत नसे. अखेर १९९८ मध्ये दोघांची तडजोड होऊन व्ही.९० हे एकच प्रमाण ठरले आणि ज्यांच्याकडे आधीचे मोडेम होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. नवा घ्यायचा, की आहे तोच सुधारायचा?

सुधारण्याची सोय मोडेममोडेमप्रमाणे वेगळी होती. काहींच्या पोटातला कार्यक्रम चिपवर कायमचा कोरलेला असे. त्यांची चिपच उपटून नवी बसवावी लागे. काहींना ती सोयही नव्हती; ते थेट अडगळीत. आणि काहींत फ्लॅश मेमरी असे, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येईल अशी पाटी. अशा मोडेमसाठी कंपनीची एक फाइल मिळवायची, संगणकातून ती मोडेमच्या पोटात उतरवायची, की तेच जुने खोके नवी भाषा बोलू लागे. माझा ३३,६०० चा मोडेम या तिसऱ्या जातीचा निघाला.

काकाजींना हे समजावून सांगताना मला फार कष्ट पडले नाहीत. त्यांच्या नर्सरीत हेच चाले. जंबेरीचे बी रुजवायचे, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीला छेद द्यायचा आणि नागपुरी संत्र्याच्या निवडक झाडाचा डोळा त्यात बसवून पट्टी बांधायची. खाली मूळ जंबेरीचे, वर फळ संत्र्याचे. "मंजे तुमी याले डोया भरून रायले," ते म्हणाले. मोडेम अपग्रेड करणे याला इतका नेमका मराठी शब्द मला आजवर मिळालेला नाही.

डोळा भरतानाच्या वेळेला मोठे महत्त्व असते, तसे येथेही होते. जुना कार्यक्रम पुसून नवा लिहिला जात असताना मध्येच वीज गेली, तर पाटी अर्धवट राहते आणि मोडेमला स्वतःची ओळखही उरत नाही. अनेक जातींत तो मग कायमचा मुका होई. आमच्याकडे तर विजेचे जाणे-येणे हेच वेळापत्रक. फाइल अमरावतीहून फ्लॉपीवर आणली होती. काकाजींनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, ती इन्व्हर्टरला जोडली आणि पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना आम्ही दोघे श्वास रोखून बसलो. दिवे मोडले नाहीत. मोडेमने नव्या सुरात शिट्टी घातली.

आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला, २४,०००. कालपर्यंत होता तोच.

हे असे का झाले, ते कळायला टेलिफोनची वाट समजून घ्यावी लागते. डिजिटल एक्स्चेंज आपला आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजते आणि प्रत्येक मापासाठी आठ बिटांचा आकडा लिहिते. आठ हजार गुणिले आठ म्हणजे ६४,०००. त्यातले सात बिट भरवशाचे धरले, की होतात ५६,०००. खोक्यावरचा आकडा येथून आला. पण मोजणे म्हणजे थोडे कापणे आलेच. आम्ही बँकवाले व्याजाचे पैसे जवळच्या रुपयापर्यंत नेतो, तसे एक्स्चेंजही प्रत्येक माप जवळच्या आकड्यापर्यंत नेते. मधले पैसे गळतात, आणि गळालेले परत येत नाहीत. या गळतीमुळेच साधा मोडेम ३३,६०० च्या फारसा वर जाऊ शकत नव्हता.

५६,००० ची युक्ती अशी, की इंटरनेट पुरवणाऱ्याने मुळातच पूर्ण रुपयांत व्यवहार करायचा. तो एक्स्चेंजशी थेट डिजिटल तारेने जोडलेला असे. त्याने पाठवलेले आकडे आधीच पूर्णांकात असल्यामुळे येताना काही गळत नसे. म्हणून हा वेग फक्त घराकडे येताना मिळे. घरातून जाताना तेच ३३,६००. अट मात्र कडक होती. पुरवठादारापासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंतची वाट पूर्ण डिजिटल हवी. वाटेत कोठे एकदा जरी सूर करून पुन्हा आकडे केले, की पैसे गळले आणि युक्ती फसली.

महानगरात ही अट पुष्कळदा पुरी होई. तालुक्याच्या गावी एक्स्चेंज डिजिटल असूनही ती पुरी होईलच, असे नसे. आपल्या देशात खेड्यांसाठी डिजिटल एक्स्चेंज घडवण्याचे मोठे काम सी-डॉट या संस्थेने केले. १९८४ मध्ये ती स्थापन झाली आणि १२८ जोडण्यांचे तिचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलनाविना, धुळीत आणि उन्हात चालणारे ते यंत्र होते. पण दोन एक्स्चेंजांमधला दुवा जुन्या पद्धतीचा असला, तर मधेच रूपांतर होई. ज्या खेड्यांत एकाच रेडिओ लहरीवर अनेक गावांचे फोन चालवले जात, तेथे बोलणे कसेबसे ऐकू येई. मोडेमचे नावच नको.

राहिली घरापर्यंतची तार. ती लांब असेल, तिच्यात सांधे असतील, सांध्यात ओल असेल, तर मोडेम पायरी पायरीने खाली उतरे. आमच्याकडे तार पाहायला लाइनमन आला. त्याने खोक्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आवारातल्या कडुनिंबाखालून येणारी तार त्याने बोटांनी चाचपत नेली आणि एका जागी थांबला. "साहेब, डब्बा ठीक हाये. जोड सडला हाये." पावसाने हिरवा पडलेला सांधा त्याने कापला, तांबे घासून लख्ख केले, पुन्हा पिळले, वर पट्टी गुंडाळली. रात्री आकडा उमटला, ३१,२००. काकाजी लगेच म्हणाले, "मी म्हनत होतो नं, खुंटच बरा नसन, तं डोया केवढाबी भारी भरा, फायदा काय जी?"

याच रांगेत आणखी दोन-तीन गोष्टी होत्या, आणि त्या काळी घरोघरी कुणी ना कुणी त्या शोधून काढल्या. जुन्या संगणकाच्या मोडेम जोडायच्या खोबणीत जी चिप असे, तिच्या हातात एका वेळी एकच अक्षर मावे. नव्या चिपमध्ये सोळा मावत. देणारा भराभर संत्री फेकतो आहे आणि झेलणाऱ्याच्या ओंजळीत एकच संत्रे मावते, अशी जुन्या चिपची गत. मोडेम कितीही सुधारला तरी संत्री खालीच पडणार. दुसरे, परदेशी मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन ओळखता येत नसे आणि तो "टोन नाही" म्हणून बसून राही. टोनची वाट पाहू नकोस, असे त्याला एका खुणेने बजावावे लागे. तिसरे, बैठकीतला समांतर फोन. आतून कुणी रिसीव्हर उचलला की सगळा डोलारा कोसळे. घरातल्या बायकामुलांची समजूत घालणे, हाही अपग्रेडचाच एक भाग होता. आणि जूनमध्ये विजा चमकू लागल्या की तार काढून ठेवावी लागे, नाहीतर तारेतून आलेला झटका मोडेमचे कोळसे करी.

पुढे नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले होते, त्याचे परिणाम जिल्ह्यांतही दिसू लागले. संचारनेटसाठी १७२२३३ हा एकच नंबर फिरवला की स्थानिक दरात जोडणी मिळू लागली. गावोगाव ऑप्टिकल फायबर पोचली, मधली रूपांतरे संपली. एका रात्री, काहीही न बदलता, माझ्या त्याच मोडेमने ४४,००० दाखवले. मी मोडेमला हात लावला नव्हता. सुधारली होती ती वाट.

या कहाणीचा खरा धक्का तर त्यानंतरचा आहे. २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँड धोरण आणले आणि २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरवली. २००५ पासून भारत संचार निगमचे ब्रॉडबँड घराघरात येऊ लागले, ते कुठून? त्याच तांब्याच्या तारेतून, जिच्यावर ५६,००० ही शेवटची हद्द म्हणून आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो! कारण ती हद्द तांब्याची कधीच नव्हती. आवाजापुरती चिंचोळी केलेली खिडकी एक्स्चेंजमध्ये होती. ब्रॉडबँडने त्या खिडकीला वळसा घालून त्याच तारेवरच्या वरच्या लहरी वापरल्या. ज्या तारेला आम्ही दरिद्री समजत होतो, तिच्या पोटात एवढे धन होते.

मोडेमचे युग मग भराभर मावळले. अमेरिकेत एओएल या कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, तेव्हा अनेकांना ती तोवर चालू होती याचेच नवल वाटले. पण मोडेमने शिकवलेली गोष्ट मावळलेली नाही. कोल्हापूरजवळच्या वारणानगरला १९९८ मध्ये परिसरातली सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचे कौतुक झाले. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तर शेतकरी त्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशेबासाठी करत होते. मग काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलचे लघुसंदेश वापरून पाहिले, आणि तेच काम होऊ लागले. शेतकऱ्याला उसाचे वजन हवे होते. ते त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने बिनचूक पोचते, हा प्रश्न होता. यंत्र किती भारी, हा नव्हता.

आमच्याकडेही तेच. संत्र्याचा आंबिया बहार तयार झाला की बाग मागायला व्यापारी येत. नागपूरच्या कळमन्यात काय भाव निघाला, दिल्लीत काय उठाव आहे, हे त्यांना फोनवर आधीच कळलेले असे. बागाइतदाराला दोन दिवसांनी कळे. त्या दोन दिवसांची किंमत किती, हे ज्याने उभी बाग विकली त्यालाच ठाऊक. वेग हा शब्द शहरात सोयीचा असेल. येथे तो सौद्यात कोणाची बाजू वर राहील, ते ठरवी.

आज शेंदूरजनाघाटच्या मुलाच्या खिशातला फोन माझ्या त्या मोडेमच्या हजारो पट वेगाचा असतो. पण २०२० च्या टाळेबंदीत, शाळा फोनवर भरू लागल्या तेव्हा, आपल्या राज्यातल्या कितीतरी गावांत पोरे रेंजसाठी टेकडीवर आणि झाडावर चढून बसली होती. त्यांच्या हातातली खोकी नवीच होती. बापांनी पोटाला चिमटा घेऊन ती आणलेली. वाट मात्र जुनी. दुकानदार आपल्याला दर दोन वर्षांनी नवा डोळा विकतो, कारण तो पिशवीत घालून देता येतो. खुंट कुणी विकत नाही. तो सगळ्यांनी मिळून लावायचा असतो, त्याला पाणी घालायचे असते, आणि सडलेला सांधा शोधणारा माणूस नेमून त्याला वेळेवर पगार द्यायचा असतो.

काकाजी आता नाहीत. त्यांचा अमेरिकेतला नातू मोठा झाला. व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलताना त्याचा चेहरा एका क्षणात पूर्ण दिसतो. नर्सरी काकाजींचा मुलगा पाहतो. गिऱ्हाईक आले की तो आधी कलमाची पाने दाखवत नाही, पिशवी बाजूला करून मूळ दाखवतो आणि विचारतो, "जमीन कशी हाये तुमची?" मोबाइलचे दुकान काढणाऱ्या प्रत्येकाने या नर्सरीत एक दिवस उमेदवारी करावी, असे मला फार वाटते.